फ्री-फ्लो एक्झॉस्टचा आवाज कमी करा, गाडीची ताकद तशीच ठेवा

बाहेरचा फ्री-फ्लो एक्झॉस्ट, म्हणजे वायूला मोकळी वाट देणारा सायलेन्सर, बसवला की पहिले काही दिवस मजा येते. मग दुसरी बाजू दिसायला लागते. पोडियम पार्किंगमध्ये सकाळी सहाला स्टार्टर मारला की वरच्या मजल्यांवरचे दिवे लागतात. मुंबईच्या ईस्टर्न फ्रीवेवर एका ठरावीक वेगाला केबिनमध्ये घूंऽऽ भरून राहतं आणि मागे बसलेली आई डोकं धरते. नाक्यावर हवालदार हात दाखवतो. गॅरेजमध्ये विचारावं तर उत्तर ठरलेलं असतं: "आवाज कमी केला की पिकअप जाणार."

हे उत्तर चुकीचं आहे, आणि ते का चुकीचं आहे हे कळलं की पुढचं सगळं काम सोपं होतं. इंजिन सायलेन्सरमध्ये दोन गोष्टी ढकलतं. एक म्हणजे जळालेला वायू, तो वाहतो. दुसरी म्हणजे दाबाचे धक्के. प्रत्येक वेळी एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की असा एक धक्का निघतो आणि तोच आपल्याला आवाज म्हणून ऐकू येतो. ताकद अवलंबून असते ती वायूला वाट किती मोकळी आहे यावर. धक्के बाजूला पकडायचे आणि वायूला सरळ जाऊ द्यायचं, असं करता येतं. सरळ नळीचे चांगले सायलेन्सर नेमकं हेच करतात. आत भोकं पाडलेली नळी, तिच्याभोवती ग्लास वूल, आणि बाहेर डबा. वायू नळीतून सरळ निघून जातो, आवाजाच्या लाटा भोकांतून वूलमध्ये शिरतात आणि तिथेच त्यांची उष्णता होते. नळीचा आतला व्यास पाइपइतकाच असेल तर असा डबा वायूला साध्या पाइपपेक्षा फारसा जास्त अडवत नाही.

"इंजिनाला थोडं बॅकप्रेशर (वायूला मागे रेटणारा दाब) हवंच" हेही तुम्ही ऐकलं असेल. बॅकप्रेशर कुठल्याच इंजिनाला नको असतं. हवा असतो तो वायूचा वेग. पाइप योग्य व्यासाचा असेल तर एका सिलिंडरचा वेगाने गेलेला वायू मागे कमी दाब सोडतो आणि पुढच्या सिलिंडरमधला वायू ओढून घ्यायला मदत करतो. पाइप नको इतका मोठा केला की वेग पडतो, खालच्या आरपीएमला गाडी मंद वाटते आणि आवाज मात्र वाढतो. ८५-९० हॉर्सपॉवरच्या १.२ लिटर गाडीला २ इंची पाइप भरपूर झाला. तिला अडीच इंची बसवलेला मी नेहमी बघतो. टर्बो गाडीचं गणित वेगळं आहे, कारण टर्बाइनची चक्की बरेचसे धक्के आधीच मोडून टाकते आणि टर्बाइननंतर वाट जितकी मोकळी तितकं बरं. तरीही १५० हॉर्सपॉवरच्या दीड लिटर टर्बोला सव्वादोन ते अडीच इंच पुरतात.

तेव्हा आवाज कमी करायला निघण्याआधी टेप घेऊन पाइपचा व्यास मोजा. टर्बो नसलेल्या छोट्या गाडीला अडीच इंची पाइप असेल तर तो बदलल्याने आवाज आणि खालच्या आरपीएमचा टॉर्क (ओढ) दोन्ही सुधारण्याची शक्यता मोठी आहे. सायन ते घाटकोपर तुम्ही १,५०० ते ३,००० आरपीएममध्येच गाडी चालवता. तिथला टॉर्क घालवून ६,००० च्या वरची दोन हॉर्सपॉवर मिळवण्यात काय अर्थ?

आधी कायद्याचं

हा भाग नीट वाचा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीत आलेल्या कलम १८२अ नुसार मालकाने परवानगी नसलेला बदल केला तर प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. आवाज आणि धुराच्या मर्यादा मोडल्या तर कलम १९०(२) लागतं: पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स अपात्र. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १२० वा नियम प्रत्येक गाडीला आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर असलाच पाहिजे असं सांगतो. म्हणजे मागचा डबा कापून सरळ पाइप लावणं यात कुठेच बसत नाही.

आवाज कमी केला म्हणून बदल आपोआप कायदेशीर होत नाही, हे मनात पक्कं ठेवा. म्हणून कंपनीचा मूळ सायलेन्सर भंगारात देऊ नका. तेल पुसून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर किंवा गावी ठेवा. मूळ डबा परत बसवणं हा आवाज कमी करण्याचा सगळ्यात स्वस्त आणि एकमेव निर्धोक मार्ग आहे. पुढचं सगळं वाचून वेळ नाही किंवा जीव लागत नाही असं वाटलं तर तो मार्ग घ्या, त्यात कमीपणा काहीच नाही.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (कॅट) काढू नका. डिझेल असेल तर डीपीएफ (काजळी अडवणारी गाळणी) काढू नका. कॅट हवा साफ करतो, आणि धक्केही मोडतो. तो काढला की आवाज चढतो आणि कर्कश होतो. बीएस-६ गाडीत त्याच्या मागचा ऑक्सिजन सेन्सर चेक इंजिनचा दिवा लावतो. मग तो दिवा फसवायचे धंदे सुरू होतात. इतकं करून छोट्या गाडीत हाती जे येतं ते नगण्य असतं. कॅट आधीच काढलेला असेल तर आवाजाच्या कामाची सुरुवात तो परत बसवण्यापासूनच करा.

कोणता आवाज नकोय, ते ठरवा

"आवाज फार आहे" एवढं सांगून कुठल्याही सायलेन्सरवाल्याला नीट काम करता येणार नाही. आवाजाचे प्रकार वेगळे, उपाय वेगळे.

थंड इंजिनावर टिक-टिक किंवा फट-फट, आणि गाडी गरम झाल्यावर थोडा कमी: ही गळती. ठरावीक आरपीएमला केबिनमध्ये दाबल्यासारखा खोल घुमणारा आवाज, खिडकी थोडी उघडली की बदलणारा: हा ड्रोन, यावर खाली सविस्तर आहे. ॲक्सिलरेटर दाबल्यावर पत्रा फाटल्यासारखा कर्कश आवाज: वूल जळलंय किंवा मध्ये रेझोनेटर (पाइपच्या मधल्या भागात बसणारा, आवाज गिळणारा छोटा डबा) नाही. पाय काढल्यावर फटाके: हे बहुतेक वेळा ईसीयूच्या (इंजिन चालवणाऱ्या संगणकाच्या) मॅपमध्ये मुद्दाम घातलेलं असतं. ज्याने मॅप केला त्याच्याकडून ते बंद करून घ्या. फुकटात आवाज कमी होतो, आणि कॅटमध्ये जाऊन जळणाऱ्या पेट्रोलने कॅटचं आयुष्य कमी होतं तेही थांबतं. आणि खड्ड्यावरून जाताना खडखड म्हणजे पाइप कुठेतरी टेकतोय किंवा हीट शील्डचा पत्रा सुटलाय.

नंतर मोजा. मोबाइलचं ॲप चालेल. आकडा तंतोतंत नसतो, पण आधी आणि नंतरचा फरक दाखवायला पुरतो. लॅमिंग्टन रोडला साधं साउंड मीटर मिळतं, ते घेतलं तर उत्तम. गाडी मोकळ्या जागी उभी करा. भिंतीजवळ, पोडियमखाली किंवा बोगद्यात मोजून उपयोग नाही, आवाज परत येतो. मीटर पाइपच्या तोंडापासून अर्धा मीटरवर, तोंडाच्या उंचीला, ४५ अंशात धरा. दुसऱ्याला आयडल, २,५०० आणि ३,७५० आरपीएम धरायला सांगा. दरवेळी हीच जागा, हेच अंतर, हेच आरपीएम. सगळं वहीत लिहा.

एक सावधगिरी. नव्या प्रवासी गाडीसाठी ७४ डेसिबलची मर्यादा आहे असं तुम्ही वाचाल आणि तुमच्या मीटरवर ९५ बघून हादराल. ती मर्यादा चालत्या गाडीची आहे आणि ७.५ मीटरवरून मोजतात. अर्ध्या मीटरवरचा आणि ७.५ मीटरवरचा आवाज यांत मोकळ्या जागी सुमारे २३ डेसिबलचा फरक अंतरानेच पडतो. म्हणून या दोन आकड्यांची थेट तुलना करू नका. तुम्हाला बघायचाय तो तुमचा स्वतःचा फरक. ३ डेसिबल कमी झाले म्हणजे ध्वनिऊर्जा अर्धी झाली, पण कानाला थोडंच कमी वाटतं. कानाला निम्मा वाटायला साधारण १० डेसिबल उतरावे लागतात. पहिल्याच फेरीत चमत्काराची अपेक्षा नको.

गळती

पैसे खर्च करण्याआधी ही पायरी. नव्या बसवलेल्या एक्झॉस्टमध्येही गळती सर्रास सापडते, आणि अनेकदा अर्धी तक्रार इथेच मिटते.

गाडी रात्रभर थंड होऊ द्या. सकाळी उघड्यावर, बंद पार्किंगमध्ये कधीच नाही, स्टार्ट करा आणि मित्राला जाड कापडाची घडी पाइपच्या तोंडावर काही सेकंद धरायला सांगा. आतला दाब वाढतो, आणि जिथे फट आहे तिथून स्पष्ट सुस्कारा ऐकू येतो. वाकून फ्लँजकडे, म्हणजे पाइपचे दोन तुकडे बोल्टने जोडणाऱ्या पट्ट्यांकडे, बघा. दोन पत्र्यांच्या सांध्यातून बाहेरच्या बाजूला काजळीची बारीक, पंख्यासारखी पसरलेली रेघ दिसली तर गळती तिथेच. बोटाने पुसा, दोन दिवस गाडी चालवा, परत बघा. रेघ परत आली की शंका उरत नाही. मॅनिफोल्डचं (इंजिनाला लागून असलेल्या पाइपांचं) गॅस्केट, डाउनपाइपची (त्यापुढच्या पाइपची) डोनट रिंग, फ्लेक्स पाइपची (लवचिक तुकड्याची) जाळी आणि प्रत्येक वेल्डचा मागचा, नजरेआड राहणारा भाग, या जागा आधी तपासा. सापडत नसेल तर इंजिन बंद ठेवून, पाइप थंड असताना, ब्लोअर तोंडाला लावा आणि सांध्यांवर साबणाचं पाणी सोडा. फुगे सांगतील.

गळतीचा ताकदीशी थेट संबंध आहे. दोन धक्क्यांच्या मध्ये पाइपमध्ये दाब क्षणभर बाहेरच्या हवेपेक्षा खाली जातो आणि फटीतून हवा आत ओढली जाते. ऑक्सिजन सेन्सरच्या आधी, इंजिनाच्या बाजूला, किंवा जवळ असं झालं की सेन्सरला वाटतं मिश्रणात पेट्रोल कमी आहे, आणि ईसीयू विनाकारण जास्त पेट्रोल सोडतो. ब्लूटूथ ओबीडी रीडर (ईसीयूची माहिती मोबाइलवर दाखवणारं यंत्र) असेल तर फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू पेट्रोल किती कमी-जास्त करतोय तो आकडा, बघून ठेवा. गळती बुजवल्यावर तो शून्याच्या जवळ आला तर मायलेजही परत आलं समजा.

बोल्ट कसताना गॅस्केट नवीनच घाला. जुन्या गॅस्केटवर सिलिकॉन फासून देणारे भेटतील. ते पहिल्या आठवड्यात जळतं.

रबराचे हँगर याच वेळी हलवून बघा. मुंबईत खड्डे आणि स्पीडब्रेकर यांनी ते ताणतात, चिरतात, आणि डबा मागच्या ॲक्सलला किंवा बंपरला टेकतो. टेकला की पूर्ण बॉडी वाजते. हँगर रबराचेच हवेत. "परत तुटायला नको" म्हणून कोणी लोखंडी पट्टी वेल्ड करू लागला तर थांबवा, इंजिनाची सगळी थरथर मग सीटपर्यंत येते.

वूल

सरळ नळीच्या डब्याचा जीव त्याच्या वूलमध्ये असतो, आणि ते कायम टिकत नाही. धक्के धागे तोडतात, उष्णता ते ठिसूळ करते, आणि तुकडे भोकांतून बाहेर उडून जातात. आवाज महिन्यागणिक थोडाथोडा वाढतो, म्हणून लक्षात येत नाही. मुंबईत याला दुसरं कारण आहे, ते म्हणजे पाणी. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. मोठ्या प्रवासात ते वाफ होऊन निघून जातं. घर ते स्टेशन अशा छोट्या फेऱ्यांत मागचा डबा पुरता तापतच नाही आणि पाणी आत साठतं. वरून पावसाळा. ओलं वूल आवाज शोषत नाही, खाली बसून गोळा होतं आणि डबा आतून गंजवतं.

थंड डब्यावर लाकडी मुठीने ठोका. भरलेला डबा मठ्ठ वाजतो, रिकामा झालेला घंटेसारखा वाजतो. शंका असेल आणि डबा रिव्हेट किंवा बोल्टचा असेल तर उघडा. हातमोजे, पूर्ण बाह्या आणि मास्क घालून. ते धागे कातडीत आणि फुप्फुसात जायला नकोत. आत सहसा एका बाजूला काळे, कडक गोळे आणि उरलेल्या जागेत नळी उघडी पडलेली दिसते. भोकं काजळीने बुजली असतील तर तारेच्या ब्रशने मोकळी करा. नळीला लागून आधी स्टेनलेस स्टीलच्या वूलचा एक थर गुंडाळा, तो उष्णता सोसतो आणि आतल्या धाग्यांना सांभाळतो. त्यावर लांब धाग्याचं ग्लास वूल किंवा बेसाल्ट वूल. इमारतीच्या इन्सुलेशनचं स्वस्त वूल नको, त्यातला चिकट पदार्थ जळून वास मारतो आणि मग ते भुगा होतं. भरताना सगळीकडे सारखं भरा, पण ठासू नका. लाटेला आत शिरायला जागा लागते.

डबा पूर्ण वेल्डचा असेल तर कापून भरण्यापेक्षा मी नवीन घेईन, आणि नवीन घेताना मोठा घेईन. शोषणाऱ्या सायलेन्सरमध्ये लांबी आणि घेर यांना पर्याय नाही. हातभर लांबीचा चकचकीत गोल कॅन दिसायला छान असतो, पण चार सिलिंडरचा आवाज पोटात घ्यायला त्यात जागाच नसते. बंपरच्या आड बसेल तेवढा मोठा, लांबट अंडाकृती डबा शोधा. खालच्या बाजूला पाणी निथळायला बारीक भोक आहे का तेही बघा.

मध्ये रेझोनेटर

कर्कशपणावर याच्याइतका चांगला उपाय नाही, आणि माझ्या मते नवख्या माणसाने पैसे घालायची पहिली जागा हीच. बाजारातले बरेच किट मागचा डबा बदलतात आणि मधला कंपनीचा रेझोनेटर कापून तिथे सरळ पाइप देतात. तिथे ३०० ते ४५० मिलिमीटर लांबीचा सरळ नळीचा रेझोनेटर परत बसवा. आतला व्यास पाइपइतकाच. दुकानात टॉर्च मारून आत बघा: साधी गोल भोकं असलेली नळी घ्या. खिडकीच्या झडपांसारखे ओठ आत वळलेली नळी वायूला अडवते, आणि उलटी बसली तर शिट्टीही मारते.

कुर्ला-कलिनाच्या सीएसटी रोडला आणि ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत हे मिळतं. स्टीलचा पाइप लागला तर सी. पी. टँक आणि कुंभारवाड्याकडे जा, क्लॅम्प आणि नटबोल्ट नागदेवीला. पाइप घेताना लोहचुंबकावर फार भरवसा ठेवू नका. स्टेनलेस स्टीलच्या ४०९ ग्रेडला चुंबक चिकटतो. ३०४ ला चिकटत नाही, पण स्वस्तातल्या २०२ लाही चिकटत नाही, आणि २०२ हा ३०४ म्हणून खपवला जातो. समुद्राच्या खाऱ्या हवेत तो लवकर गंजतो. ग्रेड ओळखायच्या रसायनाचा थेंब टाकून दाखव म्हणावं. चांगला व्यापारी हरकत घेत नाही.

वेल्डिंग आर्गन वायूचंच करून घ्या. पाइपचे वळण दाबून पिचलेले नकोत, मँड्रेलवर (आतून आधार देऊन) वाकवलेले, सगळीकडे गोल राहिलेले हवेत. पिचलेल्या वळणात ताकद खरोखर जाते, आणि दोष मात्र सायलेन्सरला मिळतो. वेल्डिंग गाडीवर होणार असेल तर आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, नाहीतर ईसीयूला धोका आहे. आणि वेल्डरचा हात चालू असताना उभे राहून बघा, पाइपच्या वरच्या बाजूला, जिथे टॉर्च नीट पोहोचत नाही, तिथे तो घाई करतो.

ड्रोन

हा सगळ्यात छळणारा प्रकार. बाहेर उभ्या माणसाला जाणवतही नाही आणि आत बसणाऱ्याचं डोकं दुखतं. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की जसा एकच सूर निघतो, तशी केबिनही आपल्या ठरावीक सुराला वाजते, आणि एक्झॉस्ट त्या सुरावर आला की घुमायला लागते. नुसतं वूल भरून हा जात नाही, कारण इतका खालचा सूर वूलला पकडता येत नाही. त्याला गणित लावावं लागतं, आणि ते अवघड नाही.

ड्रोन सगळ्यात जास्त कुठल्या आरपीएमला आहे ते शोधा. फ्रीवेवर सकाळी, शेजारी बसलेल्या माणसाला टॅकोमीटर बघून लिहायला सांगा. चार सिलिंडरच्या इंजिनात एका फेऱ्याला दोन धक्के असतात, तीन सिलिंडरमध्ये दीड. २,४०० आरपीएम म्हणजे सेकंदाला ४० फेरे. चार सिलिंडरला ८० हर्ट्झ, तीन सिलिंडरला ६०. फोक्सवॅगनचं १.५ टीएसआय इंजिन हलक्या पायाला दोन सिलिंडर बंद करतं, तेव्हा धक्के निम्मे होतात आणि सूर अर्ध्यावर येतो. त्या गाडीत ड्रोन चारही सिलिंडर चालू असताना आहे की दोनच, हे आधी बघा, नाहीतर सगळा हिशेब चुकेल.

आता मुख्य पाइपला बाजूने एक नळी जोडायची, दुसरं टोक बंद. लाट त्यात जाते, टोकाला आपटते, परत येते, आणि लांबी बरोबर असेल तर येईपर्यंत ती नेमकी उलटी झालेली असते. समोरून येणारी लाट आणि ही एकमेकींना मारतात. वायू या नळीतून वाहतच नाही, म्हणून ताकदीवर परिणाम जवळजवळ शून्य. लांबी लाटेच्या लांबीच्या एक चतुर्थांश. आवाजाचा वेग खोलीच्या तापमानाला सेकंदाला ३४३ मीटर असतो, पण गरम वायूत तो वाढतो. २०० अंशांना सुमारे ४३५, ३०० अंशांना सुमारे ४८०. बंद नळीतला वायू मुख्य पाइपपेक्षा थंड असतो, म्हणून ४३५ पासून सुरुवात करा. ४३५ ला ४ गुणिले ८० ने भागा: १.३६ मीटर. तापमान ३०० धरलं तर दीड मीटर. एवढा फरक पडतो म्हणून पहिल्यांदा टोक वेल्ड करू नका. आत-बाहेर सरकणारा तुकडा क्लॅम्पने धरा, चक्कर मारा, सरकवा, परत मारा. ड्रोन बसला की मग वेल्ड.

नळी मुख्य पाइपच्याच व्यासाची ठेवा. ती अगदी मागच्या तोंडाजवळ जोडू नका. तिथे लाटेचा दाब पडलेला असतो आणि नळीला करायला काही उरत नाही. डब्याच्या पुढे, मधल्या भागात जागा शोधा. उतार असा द्या की आत साठलेलं पाणी मुख्य पाइपमध्ये परत यावं. तीन सिलिंडरच्या गाडीला याच हिशेबाने १.८ मीटर येतात आणि छोट्या हॅचबॅकखाली एवढी नळी वळवून बसवणं कठीण. तिथे त्याच सुराला जुळवलेला हेल्महोल्ट्झ रेझोनेटर, म्हणजे आखूड मानेचा बंद डबा, करून घ्यावा लागतो. त्यासाठी अनुभवी फॅब्रिकेटर गाठा.

डिकीच्या तळाला ब्युटाइलच्या डॅम्पिंग शीट लावणं आणि डिकीच्या दाराचं रबर बदलणं यानेही आतला ड्रोन उतरतो. ते जरूर करा. फक्त त्याने बाहेरचा आवाज कणभरही कमी होत नाही, शेजाऱ्यांना सांगताना ते मोजू नका.

डीबी किलर आणि व्हॉल्व्ह

पाइपच्या तोंडात अडकवायची अरुंद नळी, जिला डीबी किलर म्हणतात, स्वस्त आहे आणि आवाज पाडते. पण अडीच इंची पाइपमध्ये सव्वा इंची वाट उरली म्हणजे क्षेत्रफळ एक चतुर्थांश झालं. वरच्या आरपीएमला गाडी गुदमरणार. रात्री दवाखान्याच्या रस्त्यावरून जायचंय, लांबचा प्रवास नाही, अशा वेळी तात्पुरतं ठीक. कायमचा उपाय म्हणून मी सुचवणार नाही. बटणावर उघडणारा व्हॉल्व्हही नको. एकाच गाडीत शांत आणि गोंगाटी असे दोन एक्झॉस्ट ठेवण्यासारखं ते आहे, आणि नाक्यावर सापडल्यावर बंद असल्याचा युक्तिवाद कोणी ऐकत नाही.

ताकद राहिली का, हे कसं बघायचं

सीटवर बसून अंदाज घेऊ नका. आवाज कमी झाला की गाडी हळू झाल्यासारखी वाटतेच, कान फसवतो. डायनोवर (गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) आधी आणि नंतर रन घेता आला तर प्रश्नच मिटला. नाहीतर मिस्त्रीकडून थंड इंजिनावर पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून घ्या, त्या भोकात कमी दाबाचा गेज ॲडॅप्टरने बसवा आणि आयडलपासून वर त्याच-त्याच आरपीएमला बॅकप्रेशर लिहून घ्या. काम झाल्यावर परत तेच. आकडे जवळपास सारखे आले तर वाट मोकळीच आहे, वाढले तर कुठेतरी वळण पिचलंय किंवा नळी अरुंद घेतलीय. सेन्सर काढल्यावर चेक इंजिनचा दिवा लागेल, तो नंतर रीडरने घालवता येतो. रस्त्यावर, कोस्टल रोडच्या बोगद्यात, शून्य ते शंभरची वेळ लावून बघणं हा मार्ग नव्हे.

एका वेळी एकच बदल करा आणि प्रत्येकानंतर मोजा. गळती, हँगर, वूल, रेझोनेटर, मग ड्रोन. सगळं एकदम केलं तर कशाने काय झालं ते कधीच कळत नाही, आणि पुढच्या वेळी परत पहिल्यापासून खर्च.

रात्री दहा ते सकाळी सहा निवासी भागात आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, दिवसा ५५. दवाखाना, शाळा आणि कोर्टाभोवतीचा १०० मीटरचा पट्टा शांतता क्षेत्र म्हणून जाहीर केलेला असेल तर तिथे रात्री ४०. कोणताही एक्झॉस्ट या आकड्यांपेक्षा मोठाच वाजणार, म्हणून शेवटचा भाग तुमच्या पायाचा. थंड स्टार्टनंतर कॅट तापवायला ईसीयू मुद्दाम आयडल चढवतो, तेव्हा आवाज सगळ्यात मोठा असतो. पार्किंगमध्ये उभं राहून गाडी गरम करू नका. स्टार्ट करा, काही सेकंद थांबा, हलक्या पायाने गेटबाहेर पडा. गाडी लावताना पाइपचं तोंड शेजारच्या भिंतीकडे नको, मोकळ्या बाजूला ठेवा.

नवीन काम झाल्यावर पहिल्या काही गरम-थंड फेऱ्यांनंतर सगळे फ्लँज बोल्ट परत कसून घ्या, ते सैल पडतातच. पावसाळा संपला की डब्याचं निथळायचं भोक तारेने मोकळं करा आणि हँगर पुन्हा हलवून बघा.